‘ड्रॉइंग नीट दिसत नाही’: क्लायंटला फाइल दिल्यावर येणाऱ्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचा निकाल

फाइल पाठवली की थोड्या वेळात फोन येतो, आणि पलीकडून येणारं वाक्य बहुतेक वेळा यांपैकीच एक असतं:

- ‘उघडतच नाहीये.’ किंवा उघडली, पण पडदा काळा आणि रिकामा.
- ‘अर्धंच आलंय.’ कॉलम दिसतात, भिंती गायब. टायटल ब्लॉक (शीटच्या कोपऱ्यातली नाव-माहितीची चौकट) आहे, त्यातला लोगो नाही.
- अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं, नाहीतर तक्त्यातला मजकूर चौकटीबाहेर सांडलेला.
- सगळ्या रेषा सारख्याच जाड, हॅच (भरावाच्या तिरक्या रेषा) काळाकुट्ट.
- मजकुरावर माउस नेला की पिवळ्या चिठ्ठ्या उगवतात.
- प्रिंटवर पट्टी लावली तर माप कमी भरतं.
- दुसऱ्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर इमारत मुंगीएवढी, नाहीतर डोंगराएवढी.
- आणि सगळ्यात महागात पडणारी: तक्रार येतच नाही, पण काम मागच्या रिव्हिजनवरून, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवरून, झालेलं असतं.

मी ड्राफ्टिंग करते. मुख्यतः इमारतींचं, मधूनमधून शीट मेटलचं. या सगळ्या तक्रारी मी इतक्या वेळा निस्तरल्या आहेत की आता फोनवरचा पहिला शब्द ऐकूनच अंदाज येतो. त्यातल्या बहुतेक माझ्याच पाठवण्यातून निघालेल्या होत्या. ड्रॉइंग बरोबर होतं, फक्त ते कुठल्या रूपात द्यायचं हे मी माझ्या सोयीने ठरवलं होतं. माझ्या मशीनवर ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं कॅड सॉफ्टवेअर), फॉन्ट, जोडलेल्या फाइली सगळं जागच्या जागी. तिथे ड्रॉइंग चुकीचं दिसणारच कसं?

खालच्या तपासण्या फुकट आणि पाच मिनिटांच्या कामापासून सुरू होतात आणि पुढे जड होत जातात. क्रम मोडू नका. ‘फाइल करप्ट झाली असणार’ असं ठरवून मी एकदा दोन तास दुरुस्ती करत बसले होते. शेवटी कळलं, क्लायंटने मेलमधल्या प्रीव्ह्यूवरच बोट ठेवलं होतं, फाइल उतरवलीच नव्हती.

आधी फोटो आणि फाइलचं नाव मागवा

‘नीट दिसत नाही’ यातून काहीच कळत नाही. क्लायंटला सांगा, पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि फाइलचं पूर्ण नाव मला पाठवा. फोटोवरून तीन गोष्टी एका नजरेत समजतात: तो कशात उघडतोय (ब्राउझर, फोन, की खरंच कॅड), नेमकं काय बिघडलंय, आणि रिव्हिजन कुठली. माझ्या अनुभवात बऱ्याच तक्रारी इथेच संपतात, कारण तो मागच्या आठवड्यातली फाइल बघत असतो.

पाठवलेली फाइल तुम्हीच उघडा, पण आपल्या मशीनवर नको

फोल्डरमधली नाही, मेलच्या ‘सेंट’मधून उतरवलेली. तीही ज्यात कॅड नाही अशा यंत्रावर, फोन चालेल. आपल्या मशीनवर ड्रॉइंगला लागणारं सगळं आधीपासून असतं, त्यामुळे फाइलमध्ये काय भरायचं राहिलं ते तिथे कधीच दिसत नाही. घरात किल्ली असताना कुलूप तपासण्यासारखं आहे ते. फोनवर तुमच्याही नजरेला प्रश्नचिन्हं पडली तर दोष फाइलमध्ये आहे. तुमच्याकडे स्वच्छ दिसली तर दोष वाटेत किंवा त्याच्या पडद्यावर.

फोनवर डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) उघडलीत तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बरेच साधे व्ह्यूअर थेट मॉडेल स्पेस (जिथे आपण सगळं काढतो ती मोकळी जागा) दाखवतात, लेआउट (छापायची मांडलेली शीट) दाखवतच नाहीत. म्हणजे तुम्ही शीटवर नेटकं मांडलेलं क्लायंटला दिसत नाही. त्याला दिसतो तुमचा पसारा. सगळे मजले शेजारी शेजारी, कोपऱ्यात टाकून दिलेला जुना जिना, आणि चुकून राहिलेला दुसऱ्याच कामाचा तुकडा. हा शेवटचा प्रकार लाजिरवाणा तर आहेच, गोपनीयतेचाही आहे. डीडब्ल्यूजी देण्याआधी ‘झूम एक्स्टेंट्स’ करून सगळं क्षेत्र बघायचं, गोठवलेले लेयरही (ड्रॉइंगचे लपवलेले थर) उघडून बघायचे, हा नियम असा प्रकार एकदा घडल्यावर मी स्वतःला घालून घेतला.

या ड्रॉइंगचं तो करणार काय?

हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, तरी आपण तो विचारत नाही. क्लायंट म्हणतो ‘ऑटोकॅड फाइल पाठवा’ आणि आपण पाठवतो. त्याला ऑटोकॅड हवं असतं का? निम्म्या वेळा त्याला ‘चांगली, मोठी, वाचता येईल अशी’ फाइल हवी असते आणि त्यासाठी त्याच्याकडे तेवढाच एक शब्द असतो. सरळ विचारा: नुसतं बघणार, छापणार, त्यावरून माप घेणार, त्यात बदल करणार, की मशीनला देणार?

नुसतं बघायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ, दुसरं काही नको. २००८ मध्ये पीडीएफ आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि आज जवळजवळ कुठलंही यंत्र ती उघडतं. पण पीडीएफ कॅडमधून थेट प्लॉट केलेली (कॅडच्या प्रिंट कमांडने काढलेली) हवी, छापून स्कॅन केलेली नाही. थेट काढलेल्या फाइलमध्ये रेषा रेषाच राहते, कितीही मोठी केली तरी फुटत नाही. स्कॅन म्हणजे फोटो, आणि स्कॅनरमधून जाताना माप थोडं सरकतं ते वेगळंच.

बदल करायचे असतील, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा इंटिरिअरवाले त्यावर आपलं काम मांडणार असतील, तर डीडब्ल्यूजी द्या, पण सोबत त्याच शीटची पीडीएफ हवीच. ही पीडीएफ साक्षीदार असते. त्याच्याकडे एखादा लेयर बंद पडला किंवा फॉन्ट बदलला तर ‘मुळात कसं होतं’ हे ती सांगते. आता मी डीडब्ल्यूजी एकटी कधीच पाठवत नाही.

दुसऱ्याच कंपनीच्या कॅडमध्ये किंवा लेझर कटिंगसाठी द्यायची तर डीएक्सएफ, म्हणजे वेगवेगळ्या कॅडमध्ये देवाणघेवाणीसाठीची फाइल. इथे एक बारकावा आहे. डीएक्सएफच्या आर-१२ या जुन्या आवृत्तीत स्प्लाइन (मुक्त वक्र) आणि एलिप्स (लंबवर्तुळ) हे प्रकारच नाहीत. सेव्ह करताना त्यांचे तुकड्या-तुकड्यांचे पॉलीलाइन (जोडलेल्या रेषांची साखळी) होतात. काही जुन्या मशीनना तेच मानवतं, पण गोलाईवर बारीक कंगोरे येतात. म्हणून मशीन चालवणाऱ्याला आधी विचारा. कटिंगच्या फाइलमध्ये डायमेन्शन (लिहिलेली मापं), मधली रेषा, टीप काहीही ठेवायचं नाही, कारण मशीनला रेषा दिसली की ती कापते. एकावर एक पडलेल्या रेषाही काढा. डोळ्याला एकच दिसते, लेझर दोनदा फिरतो आणि कड जळते. ‘ओव्हरकिल’ ही कमांड त्यासाठीच आहे.

त्रिमितीय भाग यंत्रावर बनवायला जाणार असेल तर स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३. एसटीएल फक्त थ्रीडी प्रिंटसाठी. तिच्यात पृष्ठभाग त्रिकोणांचा असतो आणि एककाची नोंद नसते, त्यामुळे २० म्हणजे २० मिलिमीटर की २० इंच हे फाइल सांगू शकत नाही. आणि मॉडेल दिलं तरी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि आट्यांची (स्क्रू थ्रेडची) मापं लिहिलेली पीडीएफ सोबत हवीच.

वाटेत काय झालं ते बघा

व्हॉट्सॲपवरून ‘फोटो’ म्हणून पाठवलेली शीट दाबून लहान होते. बारीक डायमेन्शन पुसट होतात, ३ चा ८ वाटतो. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. क्लायंट हीच फाइल पुढे गवंड्याला, सुताराला पाठवताना बहुतेक स्क्रीनशॉट काढून पाठवतो. त्याला आपण अडवू शकत नाही, म्हणून शीटवरचं सर्वांत लहान अक्षर छापल्यावर २.५ मिलिमीटरच्या खाली मी जाऊ देत नाही.

मेलचं वेगळं. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल मेलमधून जाताना तिचं रूपांतर होतं आणि आकार साधारण एक-तृतीयांशाने फुगतो. म्हणून २० एमबीच्या आसपासची फाइलसुद्धा अडखळू शकते, आणि कधी पलीकडच्या कार्यालयाची मर्यादा आणखी कमी असते. मोठी फाइल लिंकने द्या आणि ती लिंक लॉगिन न करता उघडते का ते ब्राउझरच्या खासगी खिडकीत तपासा. ‘परवानगी मागा’ असा पडदा क्लायंटला दिसला की तो फोनच करतो.

झिप देत असाल तर एक वाक्य लिहा: ‘आधी एक्स्ट्रॅक्ट करा, मग उघडा.’ झिपच्या आतूनच डीडब्ल्यूजीवर डबल-क्लिक केलं तर ती एकटीच तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते आणि तिच्या जोडफाइली मागे राहतात. ‘भिंती गायब’ या तक्रारीचं हे सर्वांत स्वस्त कारण.

प्रिंटवरचं माप

इथे जरा थांबते, कारण यातून प्रत्यक्ष नुकसान होतं. बाकीच्या तक्रारी चिडचिडीच्या. ही लाकूड कापून झाल्यावर कळते.

एका कामात मी १:१०० ची शीट दिली होती. फर्निचर करणाऱ्याने प्रिंट काढली, पट्टी लावली आणि भिंत २८८० मिलिमीटर धरली. भिंत होती ३०००. डायमेन्शन शीटवर लिहिलेलं होतं, पण ते दुसऱ्या बाजूला होतं आणि त्याला पट्टीची सवय. ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती. प्रिंट काढताना ‘फिट’ हा पर्याय लागलेला होता. प्रिंटर कागदाच्या कडेला छापू शकत नाही, म्हणून त्याने सगळं पान ९६ टक्क्यांवर आणलं. कागदावर ३० मिलिमीटर असायला हवी ती भिंत २८.८ झाली. चार टक्के डोळ्याला दिसत नाहीत, आणि नेमका त्यातच घात आहे. शीट निम्मी झाली असती तर कोणीही ओळखली असती.

कागद बदलला की हिशेब आणखी सरकतो. ए-१ म्हणजे ५९४ × ८४१ आणि ए-३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. दोन पायऱ्या उतरलं की प्रत्येक बाजू निम्मी, म्हणून १:१०० चं १:२०० होतं. हे निदान पाठ्यपुस्तकी स्केल आहे. पण ए-१ वरून एकच पायरी उतरून ए-२ वर आलात तर गुणक ०.७०७, आणि स्केल होतं १:१४१ च्या आसपास. अशी पट्टी बाजारात मिळत नाही. क्लायंट इंची कागद वापरणारा असेल तर ए-३ ची शीट २७९ × ४३२ च्या कागदावर उंचीला अडते आणि साधारण ९४ टक्के उरते.

माझे उपाय असे.

शीटवर मोजपट्टी काढा, आकड्यांसकट. ‘स्केल १:१००’ हे शब्द कागद लहान झाला की खोटे पडतात. काढलेली पट्टी कागदाबरोबर लहान होते, म्हणून खरी राहते. शिवाय एका कोपऱ्यात नेमकी १०० मिलिमीटरची रेघ आणि खाली टीप: ‘ही रेघ छापल्यावर १०० मिमी भरली नाही तर या प्रिंटवरून माप घेऊ नका.’ तक्रार आली की क्लायंटला एवढंच विचारते, रेघ किती भरते? तो म्हणाला ९६, की फोन दोन मिनिटांत संपतो.

टायटल ब्लॉकमध्ये ‘१:१००’ न लिहिता ‘१:१००, ए-१ कागदावर’ असं लिहा. कागदाशिवाय स्केल म्हणजे अर्धं वाक्य.

पीडीएफमध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. ॲक्रोबॅटमध्ये फाइलच्या गुणधर्मांत प्रिंटसाठीच्या पूर्वनिवडी असतात. तिथे ‘पेज स्केलिंग’ला ‘नन’ ठेवून फाइल जतन केली की ती उघडणाऱ्याच्या प्रिंट खिडकीत मूळ आकारच आधी निवडलेला येतो. सगळे व्ह्यूअर हे पाळत नाहीत, ब्राउझर तर फारसे नाहीतच. तरी जिथे पाळलं जातं तिथे एक फोन वाचतो.

प्लॉट करताना कागदाच्या यादीत ‘फुल ब्लीड’ लिहिलेला आकार निवडा. साध्या आकाराला कडेने छपाईबाह्य पट्टा धरलेला असतो; चौकट त्यात गेली की कापली जाते, आणि मग आपणच ‘फिट टू पेपर’ दाबतो. म्हणजे चूक क्लायंटच्या प्रिंटरपर्यंत पोहोचायच्या आधीच झालेली असते.

पीडीएफ बघताना विचित्र दिसते

रेषा सगळ्या जाड दिसत असतील तर प्लॉट स्टाइल (छापताना रेषांची जाडी ठरवणारी सीटीबी फाइल) उघडण्याआधी क्लायंटला सांगा, ॲडोबी रीडरच्या पसंतींमध्ये पेज डिस्प्लेखाली ‘एन्हान्स थिन लाइन्स’ची खूण काढून बघा. हा पर्याय बारीक रेषा पडद्यावर ठळक करतो आणि ०.१३ व ०.२५ मिलिमीटरच्या रेषांमधला फरक पुसून टाकतो. प्रिंट बरोबर येते, पडद्यावर मात्र जाड दिसते. मी यासाठी एकदा अख्खी सीटीबी फाइल नव्याने बांधली होती. साप म्हणून भुई धोपटणं.

प्रिंटवरही सगळ्या रेषा सारख्याच असतील तर सीटीबी लागलेली नाही. परत प्लॉट करा.

पिवळ्या चिठ्ठ्या एसएचएक्स फॉन्टमुळे (ऑटोकॅडचे स्वतःचे, रेषांनी बनलेले फॉन्ट) येतात. ऑटोकॅड तो मजकूर शोधता यावा म्हणून प्रत्येक अक्षरओळीवर एक अदृश्य शेरा ठेवतं. हेतू चांगला, पण क्लायंटला वाटतं कोणीतरी त्याच्या ड्रॉइंगवर शेकडो आक्षेप घेतलेत. ‘पीडीएफएसएचएक्स’ हे व्हेरिएबल शून्य करा आणि पुन्हा प्लॉट करा.

अंतिम शीटमध्ये लेयरची माहिती पीडीएफमध्ये टाकू नका. क्लायंटच्या हातून चुकून डायमेन्शनचा लेयर बंद होतो आणि तशीच प्रिंट साइटवर जाते.

कुठली रिव्हिजन?

याचं निवारण सॉफ्टवेअरमध्ये नाही, नावात आहे. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल-नवीन’ ही नावं मीही दिली आहेत, उगाच सोवळं दाखवत नाही. आता नावात काम क्रमांक, शीट क्रमांक, रिव्हिजन आणि तारीख, एवढंच. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तीच रिव्हिजन टायटल ब्लॉकमध्येही. छापलेल्या कागदाला फाइलचं नाव नसतं, म्हणून खरी ओळख टायटल ब्लॉकचीच.

‘माहितीसाठी’, ‘मंजुरीसाठी’, ‘बांधकामासाठी’ यांपैकी एक शब्द शीटवर मोठा लिहा. क्लायंटने चर्चेसाठी मागितलेल्या शीटवरून पाया खोदला गेला, तर नंतर तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच शब्द असतो.

बदललेल्या जागेभोवती ढग (ढगासारखी नागमोडी रेघ) काढा आणि नवी शीट पाठवताना मेलच्या पहिल्याच ओळीत कोणती जुनी शीट रद्द झाली ते लिहा. लिंकवर जुनी फाइल ठेवायचीच असेल तर ‘रद्द’ या फोल्डरात हलवा. आणि मिळाल्याचं उत्तर मागा. ते येईपर्यंत फाइल पोहोचली असं मी धरत नाही.

डीडब्ल्यूजी उघडत नाही

इथून पुढे काम तुमच्या मशीनवर.

आधी आवृत्ती. डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली सहा अक्षरं वाचा. पुढचा कचरा सोडून द्या, आणि बंद करताना सेव्ह करू नका. एसी१०१५ (AC1015) म्हणजे २००० ची रचना, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३, आणि एसी१०३२ म्हणजे २०१८. फाइल १०३२ ची आणि क्लायंटकडे २०१५ चं ऑटोकॅड असेल तर ती उघडणारच नाही, त्याने कितीही वेळा उतरवली तरी. २०१३ च्या रचनेत जतन करून द्या. ती २०१३ ते २०१७ पर्यंतच्या आवृत्त्यांची मूळ रचना आहे आणि नंतरच्याही ती वाचतात. क्लायंट स्वतः रूपांतर करायला तयार असेल तर डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे. सहा अक्षरं एसीने सुरूच होत नसतील तर फाइल वाटेत तुटली आहे किंवा मुळात डीडब्ल्यूजी नाहीच.

अर्धं ड्रॉइंग, बिघडलेली अक्षरं

डीडब्ल्यूजी म्हणजे एक फाइल असं क्लायंटला वाटतं. तुमचं पार्श्वभूमीचं प्लॅन एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) असतं, लोगो बाहेरची इमेज, रेषांची जाडी सीटीबीमध्ये, अक्षरं फॉन्टमध्ये. यातलं काहीही त्या एका फाइलच्या आत नाही, आत फक्त पत्ता आहे. आणि तो पत्ता पूर्ण असेल तर तुमच्या डी ड्राइव्हवरचा असतो, जो त्याच्याकडे नाही.

‘ई-ट्रान्समिट’ ही कमांड जोडफाइली गोळा करून एक झिप बनवते. ती वापरा; हाताने गोळा करताना एक तरी राहते. एक्सरेफचे पत्ते ‘रिलेटिव्ह’ ठेवा. क्लायंटला एकच सुटी फाइल हवी असेल तर एक्सरेफ ‘बाइंड’ करा (त्याच फाइलमध्ये मिसळून टाका), पण प्रतीत, मूळ फाइलमध्ये कधीच नाही. बाइंडमध्ये लेयरच्या नावात फाइलचं नाव आणि डॉलरची चिन्हं घुसतात. ‘इन्सर्ट’ निवडलं तर नावं साधी राहतात, पण दोन फाइलींतले सारख्या नावाचे लेयर एक होतात आणि त्यांचे रंग बदलू शकतात. पुढचा माणूस लेयर बंद-चालू करणार असेल तर मी पहिला पर्याय घेते. नावं कुरूप दिसली तरी काही हरवत नाही.

फॉन्टचं म्हणाल तर, नसलेल्या एसएचएक्सच्या जागी पर्यायी फॉन्ट बसतो, रुंदी बदलते आणि तक्ता सांडतो. देवनागरी टिपा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिल्या असतील तर क्लायंटला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड फॉन्टमध्ये नव्याने टंकणं हाच इलाज. विकतचे फॉन्ट झिपमध्ये भरून वाटण्याआधी त्यांचा परवाना वाचा.

मुंगी आणि डोंगर

गुणक बघा, तोच चोर पकडून देतो. २५.४ पट फरक म्हणजे इंच आणि मिलिमीटर. १००० पट म्हणजे मिलिमीटर आणि मीटर. ३०४.८ म्हणजे फूट आणि मिलिमीटर. ‘इन्सयुनिट्स’ (ड्रॉइंगचं एकक सांगणारी सेटिंग) तपासा: १ इंच, ४ मिलिमीटर, ६ मीटर, आणि ० म्हणजे एकक सांगितलेलंच नाही, पलीकडचं सॉफ्टवेअर जमेल तसा अंदाज करणार. हा आकडा बदलल्याने काढलेली रेषा लहानमोठी होत नाही, फक्त पाटी बदलते. म्हणून आधी माहीत असलेली एक लांबी मोजा, एखादा ९०० चा दरवाजा, आणि मग पाटी लावा.

ड्रॉइंग योग्य आकारात पण भलत्याच जागी येत असेल तर कोऑर्डिनेटचा प्रश्न आहे. इमारतीचं काम मूळ बिंदूजवळ काढलेलं, सर्व्हेचं प्लॅन लाखोंच्या आकड्यांत. ते हलवून जुळवायचा मोह होतो. हलवू नका, तुमचं ड्रॉइंग कोणत्या बिंदूवर आणि किती कोनात बसतं ते लिहून द्या.

वस्तूंऐवजी चौकोन, किंवा काहीच नाही

फाइल सिव्हिल थ्रीडी किंवा ऑटोकॅड आर्किटेक्चरमधून आली असेल तर भिंती, दरवाजे, रस्ते या साध्या रेषा नसतात. साध्या कॅडला त्या ‘प्रॉक्सी’ (खऱ्या वस्तूचा नुसता बदली आकार) म्हणून दिसतात आणि ‘प्रॉक्सीग्राफिक्स’ शून्य असेल तर त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, नाहीतर काहीच दिसत नाही. ‘एक्स्पोर्टटूऑटोकॅड’ने साधी प्रत काढून द्या. त्या प्रतीत भिंतीची हुशारी जाते, नुसत्या रेषा उरतात, हे क्लायंटला आधी सांगा.

फाइल विनाकारण जड असेल, उघडायला मिनिटं लागत असतील तर प्रतीवर ‘ऑडिट’ (चुका तपासणं), मग ‘पर्ज’ (न वापरलेलं काढून टाकणं), त्यातही ‘रेगॅप्स’ (इतर प्रोग्रॅमनी फाइलमध्ये सोडलेल्या नोंदी) वेगळे पर्ज. इतर फाइलींतून कॉपी-पेस्ट होता होता हे रेगॅप्स साचतात आणि पडद्यावर कधीच दिसत नाहीत. उघडतानाच चूक येत असेल तर ‘रिकव्हर’. तेही हरलं तर शेजारची .बॅक फाइल (ऑटोकॅडने आपोआप ठेवलेली आधीची प्रत) दुसऱ्या फोल्डरात नेऊन तिच्या नावातलं .बॅक बदलून .डीडब्ल्यूजी करून बघा. शेवटचा प्रयत्न म्हणजे कोऱ्या ड्रॉइंगमध्ये बिघडलेली फाइल ब्लॉक म्हणून आणणं.

इथे थांबा

रिकव्हर, .बॅक आणि कोऱ्या फाइलमध्ये आणणं हे तिन्ही हरले तर त्या फाइलवर आणखी प्रयोग करू नका. प्रत बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला द्या. फाइल ज्या डिस्कवर होती तीच कुरकुरत असेल तर मशीन आत्ताच बंद करा. त्यावर लिहिलेला प्रत्येक नवा बाइट जुन्यावर पडू शकतो.

कोऑर्डिनेट जुळत नसतील आणि ड्रॉइंग जमिनीवर आखणी करायला जाणार असेल तर सर्व्हेअरला बोलवा. फुटाच्याही दोन व्याख्या आहेत, आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी सर्व्हे फूट (हा २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बाद झाला, पण जुन्या कोऑर्डिनेटमध्ये असतोच). त्यांत दहा लाखांत दोनचाच फरक आहे, पण १० लाख फुटांच्या कोऑर्डिनेटवर तो २ फूट होतो. हे ड्राफ्टिंगच्या टेबलावर बसून ठरवायचं काम नाही.

डिजिटल सही झालेली पीडीएफ लहान करायला, पानं जोडायला, पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करायला घेऊ नका. सही मोडते किंवा नाहीशी होते. बदल लागला तर मूळ फाइलमध्ये करा आणि सही करणाऱ्या इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडे परत पाठवा. त्यांच्या सहीचं चित्र कापून नव्या शीटवर चिकटवायला क्लायंटने सांगितलं तर नाही म्हणा.

भार घेणाऱ्या भागावर क्लायंटला माप सापडत नसेल आणि तो ‘तुम्हीच मोजून सांगा ना’ म्हणत असेल, तरीही थांबा. मॉडेलमध्ये मोजून आकडा सांगता येतो, मला दहा सेकंद लागतात. पण शीटवर न लिहिलेलं माप फोनवर देणं म्हणजे सहीशिवाय नवं ड्रॉइंग देणं. इंजिनिअरला विचारा, शीटवर लिहून घ्या, रिव्हिजन वाढवा, मग पाठवा.

आणि क्लायंटने संपादन करता येणारी मूळ फाइल मागितली, पण ती देण्याविषयी करारात काही लिहिलेलं नसेल, तर हा प्रश्न फाइलच्या स्वरूपाचा नाही. वकिलाला दाखवा. तोपर्यंत पीडीएफ द्या.